उंदरांची खांदशेकणी

मुर्री गावच्या डोमनलाल बिसेन यांना उंदीर डोळ्यांनी दिसावा लागत नसे. तो कुठून आला, कुठं चालला आणि काल रात्री त्याच्या पोटात काय गेलं, हे ते नुसत्या वासावरून सांगत. गोंदियातल्या एका राईस मिलमध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली ती याच विद्येवर. मिलच्या रजिस्टरात त्यांचा हुद्दा ‘गोदाम मदतनीस’ असा लिहिलेला होता, पण हमालापासून शेठपर्यंत सगळे त्यांना ‘उंदीरवाले डोमनभाऊ’ म्हणत. धानाच्या कट्ट्यांच्या, म्हणजे पोत्यांच्या, थप्पीसमोर उभं राहून ते नाक जरा वर करत आणि म्हणत, “तिसरी रांग, खालून दुसरा कट्टा. माय हाये, पाच पिल्लं हायेत.” कट्टा हलवला की माय असे आणि पिल्लं पाच असत. एकदा सहा निघाली, तेव्हा डोमनलाल दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

पिंजऱ्यात लावायला त्यांना भजं लागे, तेही मिलसमोरच्या कवडूच्या टपरीवरचं आणि कालचंच. “ताजं माणसाले, शिळं उंदराले,” असं ते कवडूसमोरच म्हणत. कवडू चिडून म्हणे, “माह्या भज्यानं आजवर जेवढे उंदीर मेले, तेवढे तुह्या पिंजऱ्यानं नाई मेले गा!” आपण काय बोलून गेलो हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत टपरीवरची गिऱ्हाइकं हसून मोकळी झालेली असत.

मग मिलनं नवी यंत्रं आणली, धान साठवायला लोखंडी कोठारं आणली. उंदरांना घुसायला जागाच उरली नाही. उंदीर बेकार झाले आणि त्यांच्याबरोबर डोमनलालही.

त्याच सुमारास शहराच्या कडेला एका फार्मसी कॉलेजात प्राणिगृहासाठी माणूस हवा होता. औषधं तपासायला तिथं पांढरे उंदीर पाळत. मुलाखतीला तिघं समोर बसले होते. त्यांतल्या एकानं विचारलं, “उंदरांचा अनुभव आहे?”

“एकतीस वर्षांचा.”

“अरे वा! काय काम करत होता?”

डोमनलालना खोटं बोलायचं नव्हतं आणि नोकरीही घालवायची नव्हती. म्हणाले, “मिलमधी सगळे उंदीर माह्याकडंच होते, साहेब.”

नोकरी मिळाली. घरी गेल्यावर बायकोनं, रामकलीबाईंनी, ऐकून घेतलं आणि पदर तोंडाला लावला. “जलमभर ज्यायले मारलं, त्यायलेच आता चारा-पानी करा. देवानं बराबर धरलं तुमाले!”

पहिला आठवडा डोमनलालना फार जड गेला. कामाचं काही नव्हतं. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, खाद्याच्या गोळ्या मोजून घालणं हे सगळं त्यांना खेळासारखं होतं. अडचण वेगळीच होती. हे पांढरे उंदीर त्यांना पाहून पळत नसत. उलट जाळीपाशी येऊन मिशा हलवत. एकतीस वर्षांच्या नावलौकिकाचा असा अपमान आजवर कुणी केला नव्हता. त्यांत सात नंबरचा उंदीर तर खाद्याच्या भांड्यातच बैठक मारून बसे. पोट भांड्याबाहेर, डोळे अर्धे मिटलेले. त्याला पाहून डोमनलालना मिलच्या गादीवर बसणाऱ्या शेठची आठवण आली आणि त्यांनी त्याचं नाव ठेवलं ‘सेठ’. नाव ठेवलं तिथंच डोमनलाल हरले. महिन्याभरात ते सकाळी आल्या आल्या “राम राम सेठ, बराबर झोप झाली ना?” असं विचारू लागले.

प्राणिगृहात बाराही महिने एसी चाले. गोंदियाच्या मे महिन्यात कॉलेजातल्या दोनच खोल्या थंड असत, एक प्राचार्यांची आणि एक उंदरांची. प्राचार्यांचा एसी बिघडला की ते प्राणिगृहाची कसून पाहणी करायला येत आणि दोन-दोन तास पाहणी करत.

असं बरं चाललेलं असताना कॉलेजात सोनिका रहांगडाले रुजू झाली. जिल्ह्यातल्याच गोरेगावच्या शेतकऱ्याची मुलगी, नागपूरला शिकली, पुढं बंगळुरूला पीएच.डी. करून डॉक्टर झाली आणि तिकडची नोकरी सोडून इकडं आली. चारचौघांत डोमनलाल तिला मॅडम म्हणत आणि दार लागलं की बाई म्हणत. ती त्यांना दोन्हीकडं काकाच म्हणे.

सोनिकाला जखम भरताना आत काय घडतं ते पाहायचं होतं. कातडीखाली नव्या बारीक रक्तवाहिन्या कशा फुटतात, लेप लावला तर त्या लवकर फुटतात का, असं सगळं. हे पाहायची जुनी रीत अशी की अठ्ठेचाळीस उंदीर घ्यायचे. दर तिसऱ्या दिवशी त्यांतले आठ मारायचे, त्यांच्या कातडीचा तुकडा काढून मोठ्या मायक्रोस्कोपखाली ठेवायचा. सहा खेपांत अठ्ठेचाळीस संपतात आणि जखम कशी भरली ते कळतं.

“म्हंजे जखम भरली का नाई हे पाहाले उंदीरच नाई ठेवाचा?” डोमनलालनी विचारलं.

“म्हणूनच तर मी हे बनवते आहे, काका,” म्हणून सोनिकानं एक स्टीलची डबी उघडली. आत कापसावर बोटाच्या पेराएवढी काळी वस्तू होती आणि तिला केसासारखी एक तार. “हा मायक्रोस्कोप आहे.”

डोमनलालनी आधी डबीकडं पाहिलं, मग टेबलावरच्या दोन हातांनी उचलाव्या लागणाऱ्या मायक्रोस्कोपकडं पाहिलं. “याचं पिल्लू हाये का?”

पिल्लू तीन ग्रॅमचं होतं. उंदराच्या पाठीवर खांद्यामागं कातडीत टिकलीएवढी काच बसवायची, ती खिडकी. खिडकीवर हे पिल्लू बसवायचं आणि उंदराला सोडून द्यायचं. तो हिंडेल, खाईल, झोपेल आणि पिल्लू आतली रक्तवाहिनी संगणकाच्या पडद्यावर दाखवत राहील. कुणाला मारायचं नाही. एकच उंदीर पहिल्या दिवसापासून जखम भरेपर्यंत पाहायचा. सहा उंदरांत काम.

सोनिकानं त्यांना आतलं यंत्रही समजावलं. रक्तात एक निरुपद्रवी रंग सोडायचा. पिल्लातून निळा उजेड आत जातो, रंगावर पडला की हिरवा होऊन परत येतो. परत येताना एक चिमुकली काच निळा अडवते आणि फक्त हिरवा कॅमेऱ्यापर्यंत जाऊ देते.

“म्हंजे सॉर्टेक्स!” डोमनलाल ओरडले. “मिलमधी तांदूळ वरून पडते, मशीन एक-एक दाना पाह्यते, काळा दिसला का फूऽ करून उडवते. हे निळं उडवते, हिरवं ठेवते. एवढंच ना बाई?”

सोनिका त्यांच्याकडं बघतच राहिली. त्या दिवसापासून ती वर्गातही मुलांना सॉर्टेक्सचंच उदाहरण देऊ लागली, आणि गिरणीवाल्यांच्या गोंदियात ते मुलांना लगेच कळे.

पाठीवर ओझं घ्यायची उंदरांना सवय लावायचं काम डोमनलालवर आलं, आणि तिथं त्यांची खरी लायकी दिसली. “गोऱ्ह्याच्या खांद्यावर कोनी एकदम नांगर देते का? आधी रिकामं जू द्याचं,” असं म्हणून त्यांनी सागाच्या ढलपीची सहा खोटी पिल्लं कोरली. पहिल्या दिवशी एक ग्रॅमचं, मग दोनचं, मग तीनचं. तीन ग्रॅम म्हणजे किती, हे त्यांनी काट्यावर धान टाकून पाहिलं. सव्वाशे दाणे भरले. “एवढं तं सेठ एका बैठकीत पोटात नेते. पाठीवर न्यायले का हरकत?” पंधरा दिवसांत सहाही उंदीर ओझं घेऊन असे फिरू लागले की जणू जन्मले तेव्हापासून ते पाठीवर होतं. सेठ तर ओझ्यासकट भांड्यात बसू लागला.

उंदीर तयार झाले आणि मायक्रोस्कोप अडला. पडद्यावर चित्र येई, पण धुकं पडल्यासारखं. रक्तवाहिनी आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही. सोनिकानं काच बदलली, गोंद बदलला, खोलीतले दिवे घालवून पाहिलं. धुकं जागचं हललं नाही. असे तीन महिने गेले.

आणि समितीची तारीख आली. प्राण्यांवरचे प्रयोग योग्य होतात की नाही हे पाहणारी ही समिती. तिच्या प्रमुख होत्या नागपूरच्या पशुवैद्य डॉक्टर चंद्रकांता. सडेतोड बाई. मागच्या खेपेला त्यांनी सोनिकाला स्पष्ट सांगितलं होतं, “स्वच्छ चित्र दाखवलंत तर सहा उंदरांत काम करा, मला आनंदच आहे. नाही दाखवलंत तर जुन्या रीतीनं करा. अठ्ठेचाळीस. तिसरा मार्ग नाही.”

डोमनलाल तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. चहा कुणी घेतला आणि कुणी नाही, हे त्यांना त्या दिवशी सांगता आलं नसतं. प्राणिगृहात बरोबर अठ्ठेचाळीस उंदीर होते.

नवी तारीख पोळ्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाची होती.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी झाडीपट्टीत घरोघर खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सुजतो, कातडी घट्ट होते. त्या दिवशी जू उतरवायचं, तुपात हळद कालवून गरम करायची आणि पळसाच्या पानानं खांद्याला हलक्या हातानं लावायची. मग बैलाला दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं रीतसर बोलावणं द्यायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. डोमनलालच्या गोठ्यातून चाँद आणि बादल जाऊन सहा वर्षं झाली होती. शेती आता भाड्याच्या ट्रॅक्टरवर होती. तरी रामकलीबाईंनी सवयीनं वाटीत तूप-हळद गरम केली.

“खांदा नाई तं तूप कायले तापवलं?” डोमनलाल म्हणाले.

“सवय हाये. नाई तं तुमीच बसा समोर. एवढी वर्षं तुमी बी ओढलंच.”

“माह्यावर कोनाचं जू होतं?”

“माह्यं!” रामकलीबाई म्हणाल्या. “दुसरं कोन टाकते तुमच्यावर?”

हसता हसता डोमनलालची नजर वाटीवर स्थिरावली. खांदे आहेत की! सहा जोड्या खांदे आहेत, तेही रोज जू घेणारे. एकदा हे सुचल्यावर त्यांना थांबवणं रामकलीबाईंच्याही हातात नव्हतं. त्यांनी वाटीवर झाकण बांधलं, सायकल काढली आणि संध्याकाळचं खाद्य घालायच्या वेळी कॉलेज गाठलं.

पळसाचं पान उंदराहून मोठं भरलं. म्हणून त्यांनी दूर्वेची काडी घेतली. एकेकाला तळहातावर घेऊन, काचेच्या खिडकीला धक्का लागू न देता, मानेमागं काडीनं तूप-हळद लावली. हात असा हलका की दोन उंदीर मध्येच झोपले. सेठनं मान वळवून जेवढं पोचेल तेवढं चाटून घेतलं. मग डोमनलालनी पिंजऱ्यांसमोर उभं राहून टोपी सारखी केली आणि म्हणाले, “आज आवतन घ्या मंडळी, उद्या जेवाले या.”

इथं थांबले असते तर ही गोष्ट घडली नसती. पण बैलाबरोबर जुवालाही हळद लागते, ही रीत. डोमनलालनी स्टीलची डबी उघडली. त्या काळ्या पिल्लाच्या कपाळावर, म्हणजे त्यांना जिथं कपाळ वाटलं तिथं, बोटानं एक टिपका ठेवला. एकच. पण तूप गरम होतं, आणि गरम तूप ठेवल्या जागी राहत नाही.

दुसऱ्या दिवशी पोळा. दुपारी बैल तोरणाखाली उभे राहायला निघाले होते, शहरात ढोल वाजत होते आणि सोनिका स्कूटीवरून सुट्टीच्या दिवशी कॉलेजात आली होती. डोमनलाल आधीच हजर. सेठला टेबलावरच्या मोठ्या पेटीत सोडलं, पिल्लू पाठीवर बसवलं, संगणक सुरू केला.

पडदा हिरवागार झाला. आषाढातल्या धानाच्या पऱ्ह्यासारखा, कोवळ्या रोपांसारखा लखलखीत हिरवा.

“झालं बाई!” डोमनलालनी टोपीच उडवली. “जमलं! अवं कसं हिरवं दिसून राहिलं! धुकं-बिकं काई नाई! बोलवा त्या नागपूरवाल्या बाईले, आत्ताच्या आत्ता बोलवा!”

सोनिका पडद्याकडं पाहत होती. तिचा चेहरा मात्र हिरवा झाला नव्हता.

“काका,” ती म्हणाली, “मी अजून रंग टोचलाच नाही. ही रिकामी पाहणी आहे. हे काळं दिसायला हवं.”

सोनिकानं पिल्लू काढलं, उलटंसुलटं केलं, नाकापाशी नेलं. “काका, तुपाचा वास कुठून येतो?”

“आज पोळा हाये बाई. सगळीकडूनच येते.”

“काका.”

डोमनलालनी टोपी उचलली, झटकली आणि सगळं सांगितलं. काडी, खांदे, आवतन, टिपका. सांगताना ते सोनिकाकडं न पाहता सेठकडं पाहत होते, जणू साक्षीला तोच होता.

सोनिकानं पिल्लू परत डबीत ठेवलं. रागावली असती तर बरं झालं असतं, असं डोमनलालना वाटलं. पण तीही गोरेगावच्या घरातली. काल संध्याकाळीच तिच्या बापानं बैलांचे खांदे शेकले होते आणि वाटी तिनंच धरली होती. कुणावर आणि कशासाठी रागवायचं, हे तिला चटकन ठरवता येईना. शेवटी ती एवढंच म्हणाली, “हळद निळ्या उजेडात हिरवी चमकते, काका. माझ्या रंगासारखीच. तुम्ही जरा बाहेर बसा.”

डोमनलाल बाहेर कडुनिंबाखाली बसले. एकतीस वर्षं पिंजरे लावून, भजी टांगून त्यांनी उंदरांचं जेवढं वाईट केलं नव्हतं, तेवढं काल एका बोटाच्या मायेनं केलं होतं. ते मनातल्या मनात पिंजरे मोजू लागले. दर तिसऱ्या दिवशी आठ. सेठ सातवा, म्हणजे पहिल्याच खेपेत. लांबून ढोल ऐकू येत होते. पोळ्याच्या दिवशी तोंड उतरवून बसलेला एवढा एकच माणूस त्या दिवशी गोंदियात असावा.

“काका! आत या! लवकर!”

ते धावत गेले, तर आत काळोख. सोनिकानं सगळे दिवे घालवले होते, डोळ्यांवर निळं अडवणारा नारिंगी चष्मा चढवला होता आणि हातात निळ्या उजेडाची बॅटरी होती. तूप कुठंकुठं गेलं हे शोधून पुसून काढायचं, म्हणून तिनं हे केलं होतं. चष्मा तिनं डोमनलालच्या नाकावर ठेवला. “पिल्लाकडं बघा.”

काळ्या पिल्लावर टिपक्याच्या जागी हिरवा डाग होता. तिथून एक हिरवी रेघ निघाली होती, केसाहून बारीक. ती कडेकडेनं गेली होती आणि त्या चिमुकल्या निळं अडवणाऱ्या काचेभोवती फिरून आत नाहीशी झाली होती.

“दिसली? ती फट आहे, काका! काळ्या प्लास्टिकमध्ये काळी फट. तीन महिने मला दिसली नाही. माझाच निळा उजेड काचेतून न जाता त्या फटीतून वळसा घालून कॅमेऱ्यावर पडत होता. धुकं तिथून येत होतं. तूप त्या फटीत शिरलं, म्हणून दिसली!”

डोमनलालनी चष्मा नाकावर दाबला. आता त्यांना सगळं कळलं, कारण हे त्यांच्या शेतातलं होतं. “धानाच्या बांधीले खेकडा बीळ पाडते, अडवलेलं पानी निघून जाते, पन कुठून जाते ते दिसत नाई. मंग पान्यावर कोंडा टाकाचा. कोंडा जिकडं ओढल्या जाते, तिकडं बीळ.” आणि मग हळूच म्हणाले, “म्हंजे मी कोंडा टाकला?”

“तुम्ही कोंडा टाकलात, काका.”

डोमनलालनी पुन्हा टोपी उडवली. ती काळोखात कुठं पडली ते कळलं नाही.

फट बुजवायला काळं काहीतरी हवं होतं, पातळ, पटकन वाळणारं. सोनिका म्हणाली, काळी नेलपॉलिश सगळ्यांत चांगली. पण तिच्याकडं नव्हती आणि बाजार बंद होता. पोळा भरला होता तिथं मात्र दुकानं मांडलेली असणार. डोमनलाल सायकलवर बसले.

तोरणाजवळ फुग्यांच्या आणि बांगड्यांच्या दुकानांत रुख्माबाईची गाडी होती. ती त्यांना मिलच्या काळापासून ओळखत होती, ही आणखी अडचण.

“काळी नेलपॉलिश हाये का?”

रुख्माबाईनं त्यांना टोपीपासून चपलेपर्यंत पाहिलं. टोपी नव्हतीच. “रामकलीबाईले काळी? या वयात? लाल घ्या, शोभंल.”

“तिच्यासाठी नाई.”

आजूबाजूच्या दोन-चार बाया चाळवल्या. रुख्माबाईनं आवाज चढवला. “मंग कोनासाठी वो डोमनभाऊ? पोळ्याच्या दिवशी?”

“कॉलेजातल्या मॅडमले पायजे.”

“हाऽ!”

“नखाले नाई! उंदराच्या पाठीवरच्या मायक्रोस्कोपले!”

रुख्माबाई पोट धरून हसली. “एकतीस वर्षं उंदीर मारले, आता त्यायले शिनगारून राहिले! घेऊन जा, पैसे नको. पन उंदरीण नटल्यावर फोटो दाखवजो मले!”

सोनिकानं स्पिरिटनं तूप काढलं, सुईच्या टोकानं फटीत नेलपॉलिश भरली आणि पिल्लू रात्रभर वाळत ठेवलं.

दुसरा दिवस मारबतीचा. सकाळीच पोरंसोरं आणि मोठी माणसं मातीची-कागदाची पुतळी, म्हणजे मारबत, घेऊन गावाबाहेर निघाली. रोगराई, माशा, मच्छर, जे नकोसं असेल ते तिच्यासोबत धाडायचं. कॉलेजच्या भिंतीपलीकडून आरोळ्या येत होत्या. आत सेठच्या पाठीवर पिल्लू बसलं. रिकामी पाहणी झाली, पडदा काळा कुळकुळीत. सोनिकानं रंग टोचला. दोघंही पडद्यापाशी सरकले.

काळोखातून आधी एक हिरवी वाट उजळली. मग तिच्यातून दोन फुटल्या, दोनांतून चार, आणि पडदाभर हिरव्या वाटांचं जाळं पसरलं, रेघ न् रेघ स्वच्छ. वाटा स्थिर नव्हत्या, वाहत होत्या. त्यांतून काळे दाणे एकामागून एक घाईनं चालले होते. त्या रक्तपेशी होत्या. आणि सेठ तिकडं निवांत भांड्यात बसून खात होता.

“पाट हाये,” डोमनलाल पुटपुटले. “मोठा पाट, मंग दंड, मंग बांधीत पानी. अन् हे दाने... बाई, याच्या आतमधी तं सारी शेती हाये वो.”

सोनिका हसत होती आणि डोळे पुसत होती.

भिंतीपलीकडं आरोळी उठली, “उंदीर-घुशी घेऊन जा गे मारबत!” ही आरोळी डोमनलाल लहानपणापासून सगळ्यांत मोठ्या आवाजात देत आले होते. त्यांनी उठून खिडकीची कडी आणखी घट्ट केली आणि सेठला म्हणाले, “तू लक्ष नको देऊ. गावातल्यायले म्हनून राहिले.”

समिती ठरल्या दिवशी आली. डॉक्टर चंद्रकांतांनी पडद्यावरचं चित्र पाहिलं, पुन्हा पाहिलं, खुर्ची पुढं ओढून पाहिलं. मग विचारलं, “फट कशी सापडली?” सोनिकानं प्रयोगवहीचं पान समोर ठेवलं. तिथं लिहिलं होतं, ‘गळतीचा शोध : हळद व तूप. कर्ते : डोमनलाल बिसेन.’ चंद्रकांताबाईंनी कर्त्यांना बोलावलं.

“प्राण्यांना तूप-हळद लावायची परवानगी कुणी दिली?”

“पोळ्यानं, मॅडम.”

बाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांना तो पुसायला जरा जास्तच वेळ लागला. शेवटी त्यांनी कागदावर लिहिलं, उंदीर सहा. मग डोमनलालकडं वळून म्हणाल्या, “बाकीचे बेचाळीस तुमच्या स्वाधीन. आणि हे सहाही जखम भरली की परत तुमच्याकडंच येतील. पण पुन्हा तूप नाही. नियम लिहून लावा.”

त्याप्रमाणे प्राणिगृहाच्या फलकावर चौदावा नियम आला, ‘पोळ्यास अथवा इतर सणास प्राण्यांना तूप, हळद वा तत्सम लावू नये.’ डोमनलालनीच तो खिळा ठोकून लावला. ठोकताना विचारलं, “तोंडी आवतन चालंल ना मॅडम?”

“तोंडी चालेल,” चंद्रकांताबाई म्हणाल्या.

समितीची गाडी गेल्यावर डोमनलाल घुटमळत राहिले. सोनिकानं ओळखलं. “बोला काका.”

“बाई, आवतन दिलं होतं. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. उद्या होऊन तीन दिवस गेले. पाहुने उपाशी नाई, पन घरचं काई पोटात गेलं नाई त्यायच्या. बोलावून जेवू नाई घातलं, असं बिसेनाच्या घरात कधी झालं नाई.”

सोनिकानं खाद्याच्या नियमांचं पुस्तक उघडलं, विचार केला आणि बंद केलं. “एकेकाला एक दाणा. धानाचा. एकच.”

डोमनलालनी खिशातून पुडी काढली. धान त्यांच्या स्वतःच्या बांधीतलं होतं आणि पुडीत मोजून अठ्ठेचाळीस दाणे होते, म्हणजे परवानगी मिळणार हे त्यांनी सकाळीच धरलं होतं. ज्या माणसानं एकतीस वर्षं एक दाणा उंदराच्या तोंडी लागू दिला नाही, तो पिंजऱ्यापिंजऱ्यापुढं उभा राहून दोन बोटांच्या चिमटीतून दाणे वाढत चालला. प्रत्येकाला “घ्या, लाजू नका” म्हणत. उंदीर मागच्या पायांवर बसून, दोन्ही हातांत दाणा धरून, तूस सोलून खात होते.

सेठनं आपला दाणा संपवला आणि जाळीतून हात बाहेर काढला.

“एकच,” डोमनलाल म्हणाले. “बाईनं सांगितलं हाये.”

सेठचा हात तसाच. डोमनलालनी दाराकडं पाहिलं. सोनिका पाठमोरी उभी राहून चौदावा नियम फार लक्षपूर्वक वाचत होती. त्यांनी दुसऱ्या खिशात हात घातला. तिथं एकोणपन्नासावा दाणा होता.